पायाळू वत्सलाबाईची मान

"पोटात दुखतंय म्हणून गेलते मी. पिशवी काढा म्हणून कोण म्हणलं व्हतं?"

"डॉक्टर म्हणला. अन् अंगठा तूच दिला ना?"

"कॅन्सर व्हईल म्हणला, म्हणून दिला. तुमी तरी इचारलं का त्याला, खरं का खोटं?"

हे भांडण वत्सलाबाईनं ऊसतोडीच्या फडावर, कोपीच्या पाचटाच्या भिंतीआडून ऐकलेलं. भांडत होती तिची धाकटी बहीण मोहिनी, नवऱ्याशी. मोहिनी तेव्हा सव्वीस वर्षांची. पुढं तिची कंबर गेली ती गेलीच. वत्सलाबाईनं तेव्हाच गाठ मारून ठेवली, डॉक्टरच्या दारात आख्खं माणूस जातं अन् उणं होऊन येतं.

तिला तरी डॉक्टर कशाला लागतोय! ती पायाळू. जन्मताना पाय आधी बाहेर आलेले. कुणाच्या पाठीत उसण भरो, मान धरो, धारूरच्या खालच्या वाड्यांवरची माणसं सकाळीच तिच्या ओट्यावर हजर. ती दुखऱ्या जागी तीनदा उजवा पाय लावायची, वर चहा पाजायची. निम्म्यांना लगेच गुण यायचा, निम्म्यांना चार दिवसांनी आपोआप. नाव दोन्हीकडून पायाचंच व्हायचं.

दिवाळीनंतर तिचीच मान धरली. तीस वर्षं उसाच्या मोळ्या वाहिलेली मान ती. आता आपल्याच मानेला आपला पाय पोचवायचा कसा? जवळपास दुसरा पायाळू एकच, सोमेश्वर, अन् तो गडी शंभर किलोचा. त्यानं पाय असा काही ठेवला की मान राहिली बाजूला, उजव्या हाताला मुंग्या आल्या. त्या काही गेल्या न्हाईत.

मग हातातून कप सुटायला लागला. झंपरचे हुक लागेनात. कुणाला दिसू नये म्हणून वत्सलाबाईनं पदर घट्ट लपेटून घेतला. पण सुनेच्या, सुनिताच्या, नजरेतून सुटतंय होय?

"आत्या, हाडाच्या डॉक्टरला दाखवू."

"तुला कावून येवढी घाई? तुला त्याच्याकडून काही भेटतंय का?"

सून फोनवर हळू बोलली की हिचे कान टवकारत. एकदा "त्यांना सांगू नका" येवढंच कानावर पडलं. झालं! सौदा ठरला म्हणायचा आपला.

दोन दिवसांनी धारूरची फळवाली नसीम मान वाकडी करून आली अन् सतरंजीवर पालथी पडली. वत्सलाबाईनं पाय उचलला. पाय धाडला एकीकडं, गेला भलतीकडं. तोल गेला अन् ती धाडकन नसीमच्या अंगावर.

"या अल्ला! मावशी, लागलं का?"

"न्हाई गं. सतरंजी सरकली."

"सतरंजी तर माझ्याखाली हाय." नसीम उठून बसली. "मावशी, माझी मान उशीमुळं धरली. शेकली की जाईल. पण तुमचा हात सुन्न, पाय लटपटतो. माझ्या मामूचं असंच झालं. सहा म्हैने नुस्तं तेल चोळीत बसले, मग धरल्याबिगर चालता येईना."

वत्सलाबाईनं डोळे बारीक केले. "तुला सुनितानं धाडलं?"

"धाडलं की! पण मान खरीच दुखतीय माझी."

पडल्याचं निमित्त झालं अन् ती सुनितासंगं अंबाजोगाईला गेली. तिथं डॉक्टरनं गुडघ्यावर हातोडी टिचकावली, फरशीच्या रेषेवरून पावलापुढं पाऊल टाकून चालवलं, मुठी उघडझाक करायला लावल्या. मग मशीनमधला मानेचा फोटो.

"काय काढणार?" वत्सलाबाईचा पहिला सवाल.

"मानेतला मज्जारज्जू दाबला गेलाय, आजी. त्याच्यावरचा दाब काढायचा."

"अन् न्हाई काढला तर?"

"हात अन् चाल आणखी बिघडेल. नुसती मान दुखत असती तर शेक अन् व्यायाम सांगून घरी धाडलं असतं तुम्हाला."

"केल्यावर हात पयल्यासारखा व्हईल?"

"तसं वचन देत नाही. आहे ते टिकावं म्हणून करायचं. सुधारलं तर चांगलंच."

वत्सलाबाई बुचकळ्यात पडली. फसवणारा माणूस येवढं कमी कबूल करीत नसतो. तरी म्हणाली, "कागद द्या. दुसऱ्याला दाखवीन." आता हा खेकसणार, म्हणून तिनं अंग आखडून घेतलं.

त्यानं कागद पिशवीत घातले. "जरूर दाखवा. फक्त म्हैना लावू नका."

बीडच्या डॉक्टरला तिनं पहिल्याचं नाव सांगितलं न्हाई, मत सांगितलं न्हाई. त्यानंही तेच सांगितलं. मग सुनितानं अंबाजोगाईच्या दवाखान्याचा सहीचा कागद दोनदा वाचून दाखवला, अडलं तिथं डॉक्टरला विचारून आली, अन् वत्सलाबाईनं डाव्या हाताचा अंगठा दिला.

भरती व्हायच्या आदल्या दिवशी, दिवस कलताना, ती दळण घेऊन निघाली. डबा डोक्यावर घ्यायचा न्हाई अशी ताकीद होती, म्हणून कमरेवर घेतला. निम्मीच ज्वारी भरलेली. गिरणीत ती नेहमीसारखी पीठ पडतं तिथंच उभी राहिली.

"उद्या ऑपरेशन म्हणं, मावशी?" गिरणीवाला तानाजी म्हणाला. "बसा की जरा. मी काय पीठ पळवतो का?"

"आजपर्यंत सापडला न्हाईस, येवढंच."

तिनं उजव्या हाताच्या चिमटीत पीठ चोळून पाहिलं. काहीच कळेना. मग डाव्या हातानं चोळलं.

"जाड हाय. परत घाल."