पाव मिनिट गुणिले चार

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. आशा कार्यकर्ती म्हणून माझी निवड झाली, तेव्हा नवऱ्यानं गावभर सांगितलं की हिला आता भटकायला सरकारनंच परवानगी दिली. खोटं कशाला बोलू, मला ते काम त्यासाठीच आवडलं. आमच्या पासली गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात वाड्या आहेत, तिथं घरोघर जायचं, गरोदर बायका आणि तान्ही मुलं बघायची, वहीत टिपायचं आणि पुढच्या दाराला लागायचं.

चालताना माझं डोकंही गप्प बसत नाही. आमच्याकडं कुणी अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाही. "हितंच हाय, पान खाऊन संपंस्तवर पोचाल," असं सांगतात. मी लगेच हिशोब करते. पान दहा मिनिटं टिकतं, डोंगरातली चाल ताशी चार किलोमीटर, म्हणजे पाऊण किलोमीटरच्या आतच. ही खोड वडिलांची. भाताच्या लावणीला बायका खाचरात उतरल्या की ते पहिली ओळ किती वेळात झाली तेवढं बघायचे आणि अख्खं खाचर कधी उरकेल ते बांधावरूनच सांगायचे. सहसा चुकायचे नाहीत. शितावरून भाताची परीक्षा करायची, सगळं पातेलं कशाला उपसायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

प्रशिक्षणात आम्हाला बजावून सांगितलं होतं की बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. दोन महिन्यांच्या पुढचं आणि वर्षाच्या आतलं बाळ असेल आणि मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त श्वास भरले, तर न्यूमोनियाची शंका धरायची आणि थेट दवाखाना गाठायचा. पण एक मिनिट किती लांबलचक असतं हे ज्यानं मोजलंय त्यालाच कळेल. बाळ चुळबुळतं, रडतं, मग पुन्हा एकपासून सुरुवात. पहिली दोन-तीन वर्षं मी नेमानं मोजलं. मग एकदा एका कंपाउंडरला म्हाताऱ्याची नाडी बघताना पाहिलं. पंधरा सेकंद मोजले, चारनं गुणलं, झालं. मला भारी आनंद झाला. नाडीला चालतं ते श्वासाला का चालू नये?

गेल्या लावणीच्या दिवसांतली गोष्ट. मला दुपारपर्यंत चार वाड्या करायच्या होत्या. दुसऱ्या वाडीत सात महिन्यांचं बाळ दोन दिवस खोकत होतं. बापानं तालुक्याच्या दवाखान्याकडं, वेल्ह्याला जाणारी जीप खाली रस्त्यावर थांबवून ठेवली होती. दिवसाला ती एकच जीप.

"ताई, जायाचं का न्हाई तेवढं सांगा," तो म्हणाला. "त्यो लई खोळंबलाय."

जीपवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. मी बाळाचं झबलं वर केलं, मोबाईलमधलं घड्याळ लावलं आणि पोटाकडं बघितलं. पंधरा सेकंदांत अकरा. अकरा चोक चव्वेचाळीस.

"काई न्हाई, सर्दी हाय," मी त्याच्या आईला सांगितलं. "उबंला ठेव, अंगावर पाजत ऱ्हा."

बापानं हात हलवला आणि जीप गेली. मी वहीत चव्वेचाळीस लिहिलं आणि चढाला लागले.

अर्ध्या चढावर डोक्यानं नको तो हिशोब काढला. अकरा होते की बारा? हॉर्न वाजला तेव्हा एखादा सुटला असेल का? बारा असतील तर अठ्ठेचाळीस. तेरा असतील तर बावन्न. माझा एक चुकला की चार चुकत होते, आणि पन्नासाची हद्द दोनच श्वासांवर होती. शिवाय बाळ काही एका लयीत श्वास घेत नाही. मध्येच थबकतं, मग धावतं. मी नेमके थबकलेले पंधरा सेकंद धरले असतील तर? मी स्वतःला एक शिवी हासडली आणि माघारी फिरले. उतारावर दोनदा घसरले.

"आता कुठं निजलाय," त्याची आई कुजबुजली.

मी मांडी घालून बसले आणि पूर्ण मिनिट मोजलं. सत्तावन्न. पुन्हा मोजलं. अठ्ठावन्न.

जीप केव्हाच गेली होती. बाप खाचरातून चिखलाच्या पायांनी धावत आला, कुणाची तरी मोटारसायकल मागून आणली. बाळाला पोटाशी बांधून आई मागं बसली आणि तिघं गेली. मी ओट्यावर राहिले. तिथं मोबाईलला रेंज नाही. वेल्हं वीसेक किलोमीटर, वळणावळणांचा निसरडा रस्ता, ताशी वीसच्या वर गाडी जाणार नाही, म्हणजे एक तास. मिनिटाला सत्तावन्न, म्हणजे त्या तासात ते बाळ साडेतीन हजारांच्या आसपास श्वास घेणार होतं, धापा टाकत, वाऱ्यापावसात. मी उठले, बसले, पुन्हा उठले. मी वाचवले होते पंचेचाळीस सेकंद आणि जीप गेल्यापासून मोटारसायकल निघेपर्यंत त्याचा घालवला होता सव्वा तास. इतकी भीती मला माझ्या बाळंतपणातही वाटली नव्हती.

न्यूमोनियाच निघाला. सहा दिवस दवाखान्यात काढून बाळ बरं होऊन घरी आलं. मी भेटायला गेले. वाटेत दहा वेळा शब्द जुळवले होते, पण तिथं त्याच्या आईला एका दमात सांगून टाकलं की पहिल्या वेळी मी पूर्ण मिनिट मोजलंच नव्हतं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

बाळ तिच्या मांडीवर हुंकार देत होतं. तिनं वर बघितलंही नाही.

"थोरल्या पोरीच्या येळंला तुमी लई येळ मोजत बसला व्हता. तिला मांडीवर धरून माज्या पायाला मुंग्या आल्या व्हत्या. ह्या बारीला टेकला न्हाई तवर उठला. मला वाटलं, हे काय झालं?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी शिकलेल्या," ती म्हणाली. "तुमाला कसं म्हनायचं, पुन्यांदा मोजा म्हनून?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी तिला म्हणाले, पुढच्या वेळी म्हणायचं, माझा हात धरून खाली बसवायचं. ती लगेच "व्हय" म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. ती कधीच म्हणणार नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.