किसन खाली होता

नव्वदीच्या मधल्या वर्षांत आमची पोस्टिंग काश्मीरच्या उत्तर भागात, एका डोंगराच्या सोंडेवर होती. मी सिग्नल्समध्ये लाइनमन होतो. लष्कराबाहेरच्या वाचकांसाठी आधी आमचं काम सांगतो. रेडिओवरचं बोलणं शत्रूलाही ऐकू जातं, म्हणून एका पोस्टपासून दुसऱ्या पोस्टपर्यंत टेलिफोनची केबल टाकलेली असते. बर्फ, दगड, तोफेचा गोळा, खेचराचा खूर, कशानेही ती तुटते. तुटली की लाइन पार्टी निघते. एक जण वर चढून जोड मारतो. एक जण खाली केबलचा ड्रम आणि टेस्टिंगचा टेलिफोन घेऊन थांबतो. एक जण मध्ये उभा राहून वरचं बोलणं खाली आणि खालचं वर पोचवतो. मधला मी असे.

आमच्या तुकडीत सगळ्या प्रांतांची माणसं होती. मराठी दोघंच. मी बोरी बुद्रुकचा, किसन लोणीचा. गावाकडे जुन्नर तालुका वेगळा आणि आंबेगाव वेगळा, पण तिथे आम्ही सख्खे शेजारी ठरलो. आम्हाला बडी म्हणून जोडलं होतं. बडी म्हणजे जोडीदार: एकत्र खायचं, एकत्र झोपायचं, एकमेकांची दोरी तपासायची.

आमचा प्रमुख नायक सोबन सिंग, गढवालचा. सगळे त्याला उस्ताद म्हणत. रोज चहा झाला की बंकरच्या दारात उभा राहून तो विचारायचा, "कौन खाली है?"

किसनचा बिछाना खालच्या फळीवर होता. तो लगेच ओरडायचा, "मैं खाली हूँ, उस्ताद!"

"शाबाश. पानी ले आ."

असं बरेच दिवस चाललं. एकदा किसन दोन्ही हातांत जेरीकॅन घेऊन माझ्याजवळ आला आणि वैतागून म्हणाला, "राव, ह्यो बाबा रोज माझ्याच मागं का लागतो? वरच्या फळीवाल्यास्नी काय पाय न्हाईत?"

मी त्याला सांगितलं, हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामा. उस्ताद विचारतो, मोकळं कोण आहे. किसनने जेरीकॅन खाली ठेवले आणि मला दोन शिव्या घातल्या, कारण हे मी आधी सांगायला हवं होतं. ही गोष्ट उस्तादच्या कानावर गेली तेव्हा त्याच्या हातातला चहा सांडला. त्या दिवसापासून किसनशी बोलताना तो 'नीचे' म्हणेना. "ड्रम खाली रख." "रस्सी खाली छोड." आणि वर ऐट अशी, की "मुझे भी मराठी आती है." त्याला मराठीतला तेवढा एकच शब्द येत होता.

त्या सकाळी पुढच्या पोस्टची लाइन डेड झाली. आम्ही तिघं उजाडताच निघालो. बिघाड एका घळीच्या वर होता. वर चढायची पाळी किसनची होती. मी माझ्या मधल्या जागेकडे पुढे गेलो. मागे वळून पाहिलं तर किसन ड्रमपाशी उभा आणि उस्ताद कमरेला दोरी बांधून वर निघालेला. त्यांच्यात काय बोलणं झालं ते वाऱ्यात मला ऐकू आलं नाही.

उस्ताद वर पोचला. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, "जोड़ हो गया. टेस्ट करो."

मी खाली ओरडलो, "टेस्ट!"

किसनने टेलिफोनचं हँडल फिरवलं. त्याच वेळी वरचा बर्फ सुटला. दगडांसकट आला. मी एका खडकाच्या आड होतो, माझ्यापासून दोन हातांवरून सगळं गेलं. आवाज थांबल्यावर मी खाली उतरलो. ड्रम किसनच्या कमरेवर होता आणि ड्रमवर दगड. तो शुद्धीवर होता. उस्ताद आणखी खाली सापडला. तो गेला होता.

तेवढ्यात टेलिफोन वाजला. मी उचलला.

"लाइन ओके," एक्स्चेंजवरचा जवान म्हणाला. "किसने ठीक की?"

"सोबन सिंगने," मी म्हणालो आणि स्ट्रेचर मागवलं.

किसनला हेलिकॉप्टरने हॉस्पिटलला नेलं. उस्तादचं पार्थिव घेऊन मी गढवालला गेलो. परत आलो तेव्हा आमची तुकडी हलली होती, आमचे साहेब बदलून गेले होते, आणि त्या सकाळबद्दल मला कोणी काही विचारलं नाही. पुढे कळलं, की किसनला मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं.

मी हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आलो, तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं. घरी आल्यावरच्या कामांची मी यादी केली होती. पहिलं काम, लोणीला जाणं.

किसन ओट्यावर एका कुशीवर बसला होता. कमरेखालचा उजवा भाग आखडलेला. उभा राहिला तर भिंत धरून, आणि तेही थोडाच वेळ. पाणी धरणं, फवारणी, क्रेट उचलणं, वॉचमनची नोकरी, यातलं काहीही त्याच्याने होणार नव्हतं. त्याची बायको अलकावहिनी शेतातून आली. डोक्यावर पाटी तशीच ठेवून तिने विचारलं.

"भावजी, तुमी तिथं व्हता ना?"

"होतो."

"मंग एक सांगा. ह्ये ड्युटीवर नव्हते आसं सरकारनं लिव्हलंय. ड्युटीवर नव्हते म्हून पेन्शन न्हाई. गावातली मान्सं काय म्हंत्यात ठावं हाय का? प्याला आसंल आन पडला आसंल. खरं काय हाय?"

किसन जमिनीकडे बघत होता. म्हणाला, "सायबांनी लिव्हलं म्हंजे कायतरी आसंल त्यात."

"तुमी गप ऱ्हावा. मी भावजींना इचारलंय."

मी म्हणालो, "वहिनी, तो कामावर होता. माझ्या नजरेसमोर होता." तेव्हा कुठे तिने पाटी उतरवली.

नियम असा आहे. जवान निकामी झाला, तर डिसॅबिलिटी पेन्शन मिळण्यासाठी ती इजा नोकरीमुळे झालेली असावी लागते. किसनच्या कागदात इंग्रजीत लिहिलं होतं, की अपघाताच्या वेळी हा 'ऑफ ड्युटी' होता. अपील एकदा फेटाळलं गेलं होतं. मला राग आला, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. ऑफ ड्युटी माणूस पहाटे घळीच्या तळाशी केबलचा ड्रम घेऊन कशाला जाईल? हे कोणी रचलं नव्हतं, रचून कोणाचा काही फायदा नव्हता. मग होत्याचं उलटं झालं कुठे? आमच्या धंद्यात बिघाड शोधायची एक रीत आहे. लाइनच्या एका टोकाला बसायचं आणि तुकड्या-तुकड्याने तपासत जायचं. मी तसंच ठरवलं. पहिलं टोक किसन.

पुढच्या बाजाराला आम्ही तिघं नारायणगावला गेलो. वहिनीचे टोमॅटो विकायचे होते आणि किसन किती तरी दिवसांत घराबाहेर पडला नव्हता. त्याला जीपच्या पुढच्या सीटवर उशी देऊन बसवलं. वहिनी क्रेट उतरवायला लागली आणि मी किसनला प्रश्न विचारायला लागलो.

"दोन फौजी आन एक क्रेट हालंना," वहिनी म्हणाली. "देशाचं काय व्हनार?"

मी चार क्रेट उतरवून आलो आणि पुन्हा विचारलं. "हॉस्पिटलात तुझं म्हणणं कोणी लिहून घेतलं?"

"एक जन व्हता. हिंदीवाला. नवाच व्हता."

"काय विचारलं त्याने?"

"गिरते वक्त क्या कर रहे थे."

"तू काय सांगितलंस? जसंच्या तसं सांग."

"सांगितलं की. उस्ताद ऊपर काम कर रहा था. मैं खाली था."

मी ते मनात दोनदा म्हणून पाहिलं. माझ्या कानाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तेवढ्यात मागच्या ट्रकवरचा परप्रांतीय ड्रायव्हर हमालांवर ओरडला, "अरे जल्दी करो, गाड़ी खाली करो!"

मी किसनकडे पाहिलं. किसनने माझ्याकडे. मग आम्ही दोघं इतके हसलो, की वहिनी पैसे मोजायचे सोडून धावत आली.

"काय झालं? पडले का?"

"वहिनी," मी म्हणालो, "बिघाड सापडला."

त्या लेखनिकाचं काही चुकलं नव्हतं. उस्ताद वर काम करत होता, मी रिकामा होतो: त्याने ऐकलं ते हेच आणि इंग्रजीत उतरवलं तेही बरोबर. किसननेही खरंच सांगितलं होतं. खरं बोलणारा आणि खरं लिहिणारा, दोघांच्या मध्ये एक शब्द उलटा फिरला होता. मधला माणूस मी, आणि मी तेव्हा गढवालच्या वाटेवर होतो.

माजी सैनिकांची कामं पाहणाऱ्या एका सुभेदार साहेबांनी मला रीत सांगितली. नवं अपील करा, नवं बोर्ड मागा, साक्षीदार म्हणून स्वतः उभे राहा. मी माझी साक्ष लिहिली आणि सही केली. तारीख मिळायला बराच काळ गेला. मधल्या काळात मी किसनची तयारी करून घेतली. 'खाली' म्हणायचं नाही. 'नीचे' म्हणायचं. वहिनी भाकरी थापता थापता त्याला अचानक विचारायची, "गिरते वक्त किधर थे?" तो म्हणायचा, "नीचे." "शाबास," ती म्हणायची, "आता जेवा."

बोर्डाच्या दिवशी आम्ही पुण्याला मिलिटरी हॉस्पिटलात गेलो. कर्नल साहेब पंजाबी होते, वयस्कर. त्यांनी माझी साक्ष वाचली, किसनची कंबर तपासली, मग खुर्चीत मागे टेकून त्याला सरळ विचारलं, "जवान, गिरते वक्त तुम क्या कर रहे थे?"

किसन भिंत सोडून सावधान उभा राहिला.

"सर, मैं खाली था."

वहिनी दाराजवळ उभी होती. तिथूनच तिने बोट जमिनीकडे केलं आणि म्हणाली, "सायेब, खाली म्हंजे हितं! खाली! भुईवर!"

कर्नल साहेबांनी आधी जमिनीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांच्या मिशा हलल्या. "नीचे?"

"जी, नीचे," मी म्हणालो.

"तो नीचे बोलो, भाई. इतने साल से खाली-खाली क्या लगा रखा है?"

किसन म्हणाला, "सर, उस्तादने खाली बोला था."

"कब?"

"उस दिन, सर. ऊपर जाने का नंबर मेरा था. उस्तादने ढलान देखा, धूप देखी. रस्सी मेरे हाथ से ली. बोला, किसन, तू खाली थांब." मग तो म्हणाला, "इसलिए मैं खाली था, सर. ऑर्डर था."

इतकी वर्षं माझ्या मनात एक प्रश्न होता, जो मी किसनला कधी विचारला नव्हता: पाळी त्याची असताना वर उस्ताद का गेला? उतारावरचा बर्फ उन्हाने सुटेल हे त्याने ओळखलं होतं, म्हणून किसनला 'खाली' ठेवलं, आणि तो शब्द किसन कोणासाठीही बदलणार नव्हता. उस्तादच्या शेवटच्या ऑर्डरमधला 'खाली' हिंदी म्हणून चालून गेला असता, पण तो त्याने मराठीत म्हटला होता. 'थांब' कुठून शिकला, देव जाणे.

कर्नल साहेबांनी पेन उचललं. "बैठ जाओ, जवान," ते म्हणाले. "ऑन ड्यूटी."

पेन्शन पुढे काही महिन्यांनी सुरू झाली. वहिनीने मंजुरीचा कागद गावातल्या वाचता येणाऱ्या एका माणसाकडून पारावर मोठ्याने वाचून घेतला. तिला स्वतःला वाचता येत होतं. तिला तो गावाला ऐकवायचा होता. ड्युटीवरचा भाग तिने दोनदा वाचायला लावला.

आता दर वर्षी, उस्ताद गेला त्या तारखेला, आम्ही तिघं जीप करून नारायणगडाच्या पायथ्याला जातो. गढवाल लांब आहे आणि किसनला तो प्रवास झेपत नाही. वहिनी चटई अंथरते, किसन त्यावर बसतो. मी वर चढतो. माझेही गुडघे आता कुरकुरतात, पण वर जाऊन नायक सोबन सिंगसाठी झेंडूचं एक फूल ठेवतो आणि सावधान उभा राहतो. मग कड्याजवळ येऊन मी दोन्ही हात तोंडाशी धरतो आणि उस्तादच्या जागी ओरडतो, "कौन खाली है?"

खालून आवाज येतो. वारा असला तरी स्पष्ट येतो.

"मैं खाली हूँ, उस्ताद!"