क्लेमच्या चिपवरचा नंबर

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीच्या नेव्ह पॅस्कोइतका काटेकोर माणूस शोधून सापडायचा नाही. जुन्या कम्प्युटरांचे प्रोसेसर जमवणाऱ्यांच्या मंडळाची यादी तो सांभाळायचा. कुणी कितीही गळ घाला, चिपवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय हा बाबा नोंद पक्की करणार नाही. सख्ख्या भावाची चिप त्यानं परत पाठवली होती, बोला!

चिप ज्याला सापडली त्याचं नाव यादीत नोंदीशेजारी कायम राहतं. नेव्हच्या जुन्या दोस्ताचं, क्लेम ट्रेझाइसचं, नाव एकाच ठिकाणी होतं. पण तसली चिप दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. पांढऱ्या सिरॅमिकची, कधीच बंद पडलेल्या कारखान्याची, भंगारातून उचललेली. क्लेमची बायको गेली, मुलगा पर्थला गेला तो फिरकला नाही, नजरही गेल्यात जमा. आता वृद्धाश्रमात पडून होता. चिप नेव्हकडे ठेवायला दिलेली.

"थडग्यावर काही कोरत बसू नका," क्लेम म्हणायचा. "यादीत नाव आहे, तेवढं पुरे."

मार्चमध्ये ब्रिस्बेनच्या एका संग्राहकानं यादीतला फोटो पाहून शंका काढली, नंबर बनावट वाटतो. भामटे जुना नंबर घासून काढतात, वर रंग देतात आणि भारीतला नंबर छापतात. ॲसिटोनचा बोळा फिरवला की रंग सुटतो आणि बिंग फुटतं. दोस्ताची म्हणून सोडली असं कुणी म्हणायला नको, म्हणून नेव्ह इरेला पेटला. बोळा फिरवला. नंबर अख्खा निघून आला.

"गाढवा, तुलाही कुणीतरी टोपी घातली की रे!" नेव्ह एकटाच ओरडला आणि त्यानं तिथल्या तिथं यादीतून क्लेमचं नाव काढलं.

मग भिंग लावलं. घासल्याची एक रेघ नाही, रंगाचा थर नाही, खाली दुसरा नंबर नाही. म्हणजे कारखान्यानंच साध्या शाईत छापलेला होता. आधी भिंग, मग बोळा, असं नवख्यांना बजावणारा हा शहाणा! चिप अस्सल होती, आणि तिची ओळख बोळ्यावरचा काळा डाग होऊन बसली होती. आता हा कोरा तुकडा यादीत कोण घेणार? त्यानं स्वतःच घेतला नसता. नेव्हला रडू फुटलं.

शनिवारी तो चिप आणि खिमा भरलेल्या पेस्ट्या घेऊन वृद्धाश्रमात गेला, सगळं सांगून टाकायचं ठरवून.

"सॉस विसरला असशील, चिक्कू," क्लेम म्हणाला.

"आणलाय. क्लेम, ऐक, त्या चिपचं..."

"आणलीस? दे, दे इकडे."

क्लेमनं चिप डोळ्यांना भिडवली, वरून अंगठा फिरवला. "छे, मला काही दिसत नाही. तू वाच बघू."

नेव्हनं चिप हातात घेतली. पांढरी, कोरी.

"के, सात, शून्य, चार, एक," तो म्हणाला.

क्लेमचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. "आणि नाव? आहे ना अजून यादीत?"

"आहे."

"मग झालं तर," क्लेम पेस्टी चाचपत म्हणाला. "न दिसलेलं तू कधी वाचायचा नाहीस."