गोळीनंतरचा एक तास

"तुमचा टीएसएच साडेनऊ आहे," डॉक्टर म्हणाल्या, आणि मी विचारलं, "कितीपैकी?" शिक्षिकेची सवय. त्या हसल्या नाहीत.

मी एक्केचाळीस वर्षांची, सातवा आठवडा, पहिलंच बाळ. राहते ठाकुर्लीत, वर्तकनगरच्या एका शाळेत दुसरीला शिकवते. थकवा, थंडी वाजणं, केस गळणं, सगळ्याचं खापर मी वयावर फोडलं होतं. निघालं हायपोथायरॉइडिझम, म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी कामात मंद. टीएसएच म्हणजे तिला कामाला लावायला मेंदूकडून येणारा निरोप. ती जितकी आळशी, तितका हा आकडा मोठा.

"पहिले काही महिने बाळाची स्वतःची ग्रंथी तयार नसते," डॉक्टर म्हणाल्या. "त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं हार्मोन तुमच्याकडूनच जातं. आकडा अडीचच्या खाली आणायचा. रोज सकाळी उपाशीपोटी ही गोळी."

मेंदू हा शब्द कानावर पडला आणि पुढचं काही मी नीट ऐकलंच नाही. माझ्या वर्गात अक्षरं उशिरा ओळखणारी मुलं असतात. त्यांच्या आया शाळा सुटताना माझ्याकडे कशा बघतात, ते मला माहीत होतं.

गोळी मी एक दिवसही चुकवली नाही. माझा नवरा मिलिंद डोंबिवलीच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत रात्रपाळी करून सकाळी साडेसातला येतो आणि आल्याबरोबर दोघांचा चहा टाकतो. आलं ठेचून, दूध सढळ. दिवसभरात आम्ही निवांत समोरासमोर बसतो तो तेवढाच वेळ. तेव्हाच मी गोळी घ्यायचे.

चार आठवड्यांनी आकडा साडेआठ. डोस वाढवला. त्यानंतर मला एका जागी बसवेना. फळ्यावर अर्धं वाक्य लिहून मी मोबाइल उघडायचे, काहीबाही वाचायचे आणि आणखी घाबरायचे. आजार मंदपणाचा, पण डोकं काही मिनिटभर मंद व्हायला तयार नव्हतं. आधी लॅबवर संशय घेतला आणि लॅब बदलली. मग संशय मिलिंदच्या शर्टावर गेला. त्याला कंपनीचा उग्र वास यायचा.

"तुझ्या त्या केमिकलनेच होतंय हे," एका सकाळी मी म्हटलं. "तसाच घरात येत जाऊ नकोस."

दुसऱ्या दिवसापासून तो कंपनीतच आंघोळ करून, कपडे पिशवीत बांधून यायला लागला. आणि आल्यावर चहा टाकायला लागला, रोजच्यासारखाच.

पंधराव्या आठवड्यात आकडा सात. मी शाळेच्या जिन्यात बसून रडले. संध्याकाळी डॉक्टरांकडे जाताना मिलिंदही बरोबर आला. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला.

"गोळी कशाबरोबर घेता?"

"उपाशीपोटी."

"हो, पण कशाबरोबर?"

"चहाबरोबर."

"अहो ताई, चहा-दुधाबरोबर ही गोळी अंगी लागत नाही. नुसतं पाणी, आणि मग तासभर काहीही नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी."

चहा म्हणजे खाणं नव्हे, असं मी जन्मभर धरून चालले होते. शेजारच्या काकूंचे कडक उपवाससुद्धा चहावर निघतात. केसपेपरवर डॉक्टरांनी 'पाण्याबरोबर' असं लिहिलंही होतं. आणि मी मुलांच्या प्रत्येक पेपरवर लिहिते, आधी सूचना वाचा.

बाहेर आल्यावर मिलिंद म्हणाला, "म्हणजे मीच पाजत होतो की."

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, आणि संन्यासी वर स्वतःलाच चोर म्हणत होता. मला स्वतःची फार लाज वाटली. तसं सांगितलं त्याला.

"सोड गं," तो म्हणाला. "उद्यापासून चहा साडेआठला."

मी सहालाच उठून गोळी घेऊ शकले असते. पण पाण्याचा ग्लास त्याला स्वतः द्यायचा होता. तासभर तोही चहा प्यायचा नाही. बसल्या बसल्या पेंगायचा, आणि मी गॅलरीत येरझारा घालायचे.

पुढच्या तपासणीत आकडा दोन पॉइंट चार. पण गेलेल्या महिन्यांचं काय? "थोडं औषध अंगात जातच होतं," डॉक्टर म्हणाल्या. "खात्री मी देणार नाही. पण मागचं मोजत बसू नका."

मी मोजत बसले. यशू झाली, तिच्या टाचेतून रक्त घेऊन थायरॉइड तपासला, तो चांगला निघाला. तरी ती मान कधी धरते, हाकेला कधी वळते, प्रत्येक वेळी मी परीक्षकासारखी उभी. आई म्हणून तिच्याकडे बघायचं राहूनच जात होतं.

तुमच्यापैकी कुणाला ही गोळी सुरू झाली असेल, तर उपाशीपोटी म्हणजे नक्की काय, हे डॉक्टरांना विचारा. प्रश्न खुळा वाटला तरी विचारा.

यशू आता दोन वर्षांची होईल. माझी गोळी चालूच आहे. गेल्या आठवड्यात मिलिंद दमून आला, मला पाणी दिलं आणि सवयीने चहाचं भांडं गॅसवर ठेवलं. यशू स्वयंपाकघरात गेली आणि तिने त्याची पँट ओढली.

"बाबा, थांब. आईची गोई."

त्याने गॅस बंद केला. तास व्हायला बराच वेळ होता. मी येरझारा न घालता खुर्चीत बसून राहिले.