मुठीतला मुरघास

घोडेगावच्या चाऱ्याच्या दुकानात ती बाई मला एकदाच दिसली, पण तो दुकानदार हसला ते आठवलं की माझं डोकं अजून तापतं. त्याच्याकडून नेलेला मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, तिनं मूठभर परत आणला होता. काळा, चिकट. तिनं तो थेट त्याच्या चहाशेजारी ठेवला. सडक्या मासळीसारखी घाण सुटली.

“मावशी, मुरघासाला वास असतोच.”

“आंबूस असतो! तुमी वल्ला मका मातीसकट पिशवीत दाबला. हवा गेली, पर मातीतले जंतू आतच ऱ्हायले. बिनहवेचे वाढले आन् चाऱ्यातलं प्रोटीन सडवून बसले.”

“भुकेली गाय खाईल की!” तो हसला.

बरबटलेला हात तिनं पदराला नाही, त्याच्या गल्ल्याला पुसला.

“दावणीला बांधलेली गाय भांडाया येत न्हाई, भाऊ. म्हणून मी आलेय.”