कपाळ घेऊन या

आमच्याकडे संध्याकाळच्या बातम्या संपल्या की टीव्हीवर एक बाई येतात आणि इंग्लंडमधल्या मिडलंड्सच्या नकाशावरून हात फिरवतात. या देशात येऊन माझं उभं आयुष्य गेलं. बायका बदलल्या, नकाशाचे रंग बदलले, हात फिरवायची पद्धत मात्र तीच. गेल्या हिवाळ्यातल्या त्या शुक्रवारी बाईंचा हात फिरत फिरत बर्मिंगहॅमवर येऊन थांबला. उद्या कडाक्याची थंडी, पूर्वेकडून बोचरा वारा, दुपारपासून बर्फाच्या सरी. गरज नसेल तर प्रवास टाळा. आणि हे सगळं हसत हसत.

"हसतेय कशाला ही?" मी टीव्हीला विचारलं. "फेब्रुवारी अर्धा संपला, अजून कसला बर्फ?"

"तिच्यावर का ओरडताय? ती काय घरून घेऊन आलीये का बर्फ?" बायको सोफ्यावरून म्हणाली. पण तिचा आवाज उतरला होता.

कारण दुसऱ्या दिवशी आमच्या घरी हळदीकुंकू होतं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी रथसप्तमी. म्हणजे पुढे ढकलायची सोयच नाही. रथसप्तमी झाली की संक्रांतीचं हळदीकुंकू संपलं, मग थेट पुढच्या वर्षी.

आता कुणी म्हणेल, एक वर्ष राहिलं तर काय बिघडलं? तर ऐका. ऑक्टोबरमध्ये बायकोला स्ट्रोक आला. हॉस्पिटलवाल्यांनी जिवावरचं निभावून नेलं, बोलणंही हळूहळू परत आलं, पण उजवा हात रुसून बसला तो बसलाच. आणि हातापेक्षाही वाईट म्हणजे बायकोच रुसून बसली. जिच्या हळदीकुंकवाला सॉलिहलपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंतच्या मराठी बायका यायच्या, ती बेल वाजली की वरच्या खोलीत जाऊन बसायची. मैत्रिणी सूप घेऊन आल्या, भाकऱ्या घेऊन आल्या, सगळ्यांना मी दारातून परत पाठवलं. "माझं वाकडं तोंड बघायला येतात," ती म्हणायची. तोंड अजिबात वाकडं नव्हतं, पण हे तिला कोण सांगणार! घराबाहेर तर तिने पाऊलच टाकलं नव्हतं, एक हॉस्पिटलच्या तपासण्या सोडल्या तर.

फिजिओने हाताच्या व्यायामासाठी मऊ लगद्याचा गोळा दिला होता, दाबायला आणि वळायला. तिने तो डब्यात टाकला. "मी काय नर्सरीत आहे का, चिखल मळत बसायला?"

मग संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिने मला हाक मारली. "अहो, जरा इकडे या. बसा समोर." बघतो तर हळदीकुंकवाची कोयरी काढलेली, हळद-कुंकू भरलेलं, आणि बाईसाहेब ताठ बसलेल्या. मला वाटलं औक्षण वगैरे आहे. तिने उजवा हात उचलला, तो वाटेतच थरथरला, आणि कुंकू माझ्या भुवईत गेलं.

"पुसू नका," ती म्हणाली. "उद्या परत."

काय सांगू राजेहो, त्यानंतर रोज माझी परीक्षा. आधी हळद, मग कुंकू, करंगळीशेजारच्या बोटाने, जसं लावायचं तसंच. कधी नाकावर, कधी डोळ्यात, एकदा तर कानात. पार्सल द्यायला आलेल्या पोराने माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना? रक्त येतंय." मी म्हणालो, "रक्त नाही, बायको आहे." तो पार्सल ठेवून चटकन निघून गेला. पण हळूहळू बोट खाली यायला लागलं, नेम लागायला लागला. आणि एका संध्याकाळी तिने माझ्या कपाळाकडे मान तिरकी करून पाहिलं, आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "करायचं का हळदीकुंकू?"

मी इतका हरखलो की त्याच आठवड्यात वाण आणून मोकळा झालो. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायची प्लॅस्टिकची खरवडणी, निळ्या रंगाची, डझनावारी. बायकोने पिशवीत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, वाण म्हणून हे लुटायचं? बायका काय म्हणतील?" आणि मग हसायलाच लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा ती तशी हसली. त्या खरवडण्या मी परत करणार होतो, पण तिने करू दिल्या नाहीत.

शनिवारी सकाळी आकाश राखाडी होतं, पण कोरडं. मी नागपूरहून आणलेली माझी माकडटोपी घातली आणि बर्फ धरू नये म्हणून बाहेरच्या पायऱ्यांवर मीठ टाकलं. ही टोपी बायकोच्या मनातून साफ उतरलेली. "हे ध्यान घालून माझ्याबरोबर चालायचं नाही," हे मी लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यापासून ऐकत आलोय. पण कान गरम ठेवणारी दुसरी वस्तू या देशात मला तरी मिळालेली नाही.

जेवणं झाल्यावर तिने काळी साडी काढली. निऱ्या धरायचं काम माझ्याकडे. जन्मभर फॅक्टरीत गिअरबॉक्स जुळवले, पण निऱ्यांनी माझा घाम काढला. "खाली बघून धरा, छताला काय निऱ्या आहेत?" तिने झापलं. मला त्याचंसुद्धा बरं वाटलं. मग ती लाउंजमध्ये दाराकडे तोंड करून बसली, कोयरी मांडीजवळ, तिळगुळाचा डबा शेजारी. लाडू मी वळले होते, त्यामुळे त्यांच्या आकाराबद्दल न बोललेलंच बरं.

आणि बर्फ सुरू झाला. सरळ खाली पडणारा शहाणा बर्फ नाही. वाऱ्याबरोबर आडवा येणारा, खिडकीवर आपटणारा. थोडं थांबायचं, ऊन दाखवायचं आणि परत तोंडावर मारायचं. पाठोपाठ फोन टिणटिणायला लागला. एकीची गाडी घरासमोरच्या ड्राइव्हवेतून निघेना, दुसरीच्या रस्त्यावर कौन्सिलने मीठच टाकलं नव्हतं, तिसरीचा नवरा सोडायला तयार नव्हता. प्रत्येक मेसेजच्या शेवटी जोडलेले हात. मुलगी एडिनबराहून ट्रेनने येणार होती, तिचाही फोन आला, इथे वाढलेल्या तिच्या मराठीत. "बाबा, माझा ट्रेन कॅन्सल झाला. आई कशी आहे? आईला सांग ना, मी खूप ट्राय केली."

बायको सगळं ऐकत होती. शेवटी तिने डाव्या हाताने कोयरीचं झाकण उचललं आणि बसवलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "चैत्रगौरीच्या वेळी बघू."

हे 'बघू' मला पाठ आहे. फिजिओला बघू, मैत्रिणींना बघू, जरा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येऊ म्हटलं तरी बघू. आज हे झाकण बसलं तर परत उघडणार नाही, हे मला लख्ख कळलं, आणि माझं डोकंच फिरलं. नकाशावर हात फिरवणारी बाई, कौन्सिल, तो पूर्वेकडचा वारा, सगळ्यांचा राग आला.

"झाकण काढ," मी म्हणालो. "कुठे जाऊ नकोस. आलोच."

"कुठे निघालात या बर्फात? अहो!"

मी टोपी ओढली आणि बाहेर पडलो.

बाहेर पडल्यावर लक्षात आलं की हळदीकुंकवाचं बोलावणं पुरुषाने कधी केलेलं मी तरी पाहिलं नाही. त्या दिवशी आम्ही घरात असणंसुद्धा चालत नाही, दरवर्षी मला दुपारभर लायब्ररीत हाकलतात. समोरच्या घरात केरळच्या दोन नर्स भाड्याने राहतात. एकीने दार उघडलं, नाइट ड्यूटी करून नुकती झोपेतून उठलेली. माझं अर्धं वाक्य व्हायच्या आतच म्हणाली, "अंकल, कुंकुम? येतो आम्ही, साडी नेसून येतो." मला वाटलं तिला तिथेच साष्टांग नमस्कार घालावा.

मग राहिली शेजारीण. ऐंशीच्या घरातली इंग्रज बाई, एकटी. तिच्या-माझ्यात झुडपांचं कुंपण, म्हणजे हेज आहे आणि त्या हेजवरून आमचं वाजलेलं. मी म्हणे ती जास्त छाटली आणि तिच्या पक्ष्यांचं घरटं उघडं पडलं. पक्षी मी कधी पाहिला नाही, पण तेव्हापासून आम्ही एकमेकांच्या कचऱ्याच्या डब्यांना तेवढा नमस्कार करतो. मी बेल दाबली. तिने साखळी लावूनच दार उघडलं आणि माझ्या टोपीकडे बघत राहिली.

"माझ्या बायकोने आज बायकांना बोलावलंय," मी म्हणालो. "कपाळाला हळद आणि कुंकू लावतात, गोड देतात. बर्फामुळे कुणी येत नाहीये. ती चार महिन्यांत कुणाला भेटलेली नाही. तुम्ही याल का? पाचच मिनिटं."

वाऱ्याने माझ्या चष्म्यावर बर्फ साचला. मग तिने विचारलं, "येताना काही आणू का?"

"फक्त कपाळ घेऊन या," मी म्हणालो.

अर्ध्या वाटेत माझी ट्यूब पेटली. अरे देवा! बाई विधवा आहेत. त्यांचे मिस्टर जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि मी त्यांना हळदीकुंकवाचं आमंत्रण देऊन आलो! घरी येऊन बायकोच्या कानाशी लागलो. "अगं, शेजारच्या बाई येतायत. पण त्या... म्हणजे... एकट्या असतात ना त्या."

"मग?"

"नाही, म्हणजे, हळदीकुंकू..."

"अहो, कपाळ आहे ना त्यांना?" तिने झाकण काढून बाजूला ठेवलं. "पदर नीट करा माझा. आणि ती टोपी काढा आधी."

शेजारीण आली ती मोत्यांची माळ घालून, केस विंचरून. पाचच मिनिटांसाठी! मी तिला बायकोसमोर बसवलं आणि नियमाप्रमाणे स्वयंपाकघरात गेलो, पण दार किलकिलं ठेवलं. बायकोने हळदीत बोट बुडवलं. हात उचलला. तो वाटेतच अडला आणि थरथरायला लागला, पहिल्या दिवशी थरथरला होता अगदी तसा. माझ्या हातातल्या चमच्यातून साखर ओट्यावर सांडायला लागली. धावत जाऊन तिचं कोपर धरावं असं वाटलं, तरी मी जागचा हललो नाही. शेजारीण डोळे मिटून बसली होती, अजिबात घाई नसल्यासारखी.

बोट पोचलं. आधी हळद, मग कुंकू. दोन्ही बरोबर मधोमध.

"आता तुम्ही मला लावायचं," बायकोने सांगितलं, कारण पद्धतच तशी आहे. शेजारणीने आपला हात पुढे केला. संधिवाताने वाकलेली बोटं, कंप सुटलेला. कुंकू गेलं ते थेट बायकोच्या भुवईत.

"अरेरे, माफ करा," ती कावरीबावरी झाली. "हे माझे हात! म्हणूनच मी कुणाकडे चहालासुद्धा जात नाही. कप धरता येत नाही, सांडतो."

बायकोने भुवईला हात लावून बोट पाहिलं. मग खो खो हसत सुटली. "अहो, बाहेर या!" ती ओरडली. "बघा, अगदी माझ्यासारखं!" आणि शेजारणीचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून इंग्रजीत म्हणाली, "प्रॅक्टिस लागते. माझ्या नवऱ्याचं कपाळ देते तुम्हाला."

मी रडलो. लपवून काय करायचंय? ओट्यावरची साखर पुसत पुसत चांगला रडलो.

नर्स आल्या, भरजरी साड्यांवर जाड जॅकेटं घालून. मुलीला व्हिडिओ कॉल लावला, तर तीही हट्ट करायला लागली. "आई, मला पण लाव ना." बायकोने सरळ फोनच्या काचेवर तिच्या कपाळाच्या जागी कुंकू टेकवलं. तिकडे मुलगी नाक ओढत म्हणाली, "आई, तुझा हात!" सगळ्यांनी लाडू खाल्ले. एकमेकांना चिकटलेले, तरी खाल्ले. शेजारणीला लाडू देताना मी म्हणालो, हा खाल्ल्यावर माझ्याशी गोड बोलावं लागतं, नियम आहे. ती म्हणाली, हेजबद्दल ती विचार करेल. निघताना प्रत्येकीला निळी खरवडणी मिळाली. शेजारणीकडे गाडी नाही, तरी तिने ती पर्समध्ये ठेवली, आणि दारात बायकोला म्हणाली, "गुरुवारी चहाला माझ्याकडे या. सांडला तर दोघींचा सांडेल."

बायकोने होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मीही विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी रथसप्तमीला सूर्य थोडा वेळ येऊन हजेरी लावून गेला. तिने खिडकीतूनच हात जोडले.

बुधवारी संध्याकाळी बातम्या संपल्या आणि त्या बाई आल्या. नकाशावरून हात फिरवला. उद्या गारठा, जोराचा वारा, अधूनमधून बर्फाच्या सरी. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बायकोकडे पाहिलं. म्हटलं, आता येणार 'बघू'.

तिने टीव्ही बंद केला.

"अहो," ती म्हणाली, "तुमची ती माकडटोपी कुठे ठेवलीय?"

"का?"

"उद्या मला लागेल."