ऐकते : पाचपैकी पाच

मुलं तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे टेपबाई. कपड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तिनं तयार माल तपासला होता. कारखाना सुटला, गळ्यातली मापाची टेप काही सुटली नाही. शाळा सुटल्यानंतरच्या वर्गावर ताई म्हणून लागली तेव्हाही ती टेप गळ्यात घालूनच आली.

सहापर्यंत ज्यांच्या आया कामावर असतात, अशी तीस मुलं त्या वर्गात होती. दर शुक्रवारी प्रत्येकाचा फॉर्म भरायचा : ऐकते, मदत मागते, राग आवरते, काम पुरं करते. एक ते पाच गुण. बाकीच्या ताया चहा पिता पिता सगळ्यांना तीन-तीन वाटून मोकळ्या होत. टेपबाई मात्र आठवडाभर टिपणं ठेवी. नवरा म्हणे, "मलाही देऊन टाक एकदाचे." ती म्हणे, "राग आवरता, एक. भाजीला नावं ठेवता, पाच."

नऊ वर्षांची टकमक तिची लाडकी. हे नाव मुलांनी ठेवलेलं, कारण कुणी बोलायला लागलं की ही त्याच्या तोंडाकडे टक लावून बघे. अशी बघे, की सांगणाऱ्याला आपण फार शहाणे आहोत असं वाटावं. शाळेत अभ्यासात मागे, पण सांगितलेलं काम झटक्यात करी. 'ऐकते'खाली टेपबाई तिला डोळे मिटून पाच देई.

मग टेपबाईची दाढ काढावी लागली. गाल सुजला. पंधरा दिवस ती तोंडाला रुमाल धरून वर्गात वावरली, आणि त्याच पंधरा दिवसांत टकमक बिघडली. वह्या मिटा म्हटलं तर ही लिहीतच. बसा म्हटलं तर उभी. एकदा टेपबाई रुमालाआडून चांगली खेकसली, तर पोरगी तिच्याकडे बघून गोड हसली. टेपबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या शुक्रवारी दोन गुण, पुढच्या शुक्रवारी एक.

पर्यवेक्षक बाईंनी आईला बोलावलं. "सलग दोन आठवडे तीनच्या खाली म्हणजे नाव कमी. नियम आहे. बावीस मुलं यादीत थांबलीत."

आई लाँड्रीत इस्त्री करायची. तशीच घामेजलेली आली आणि टेपबाईपुढे हात जोडून उभी राहिली. "ताई, नाव नका हो कमी करू. सहापर्यंत हिला ठेवू कुठं? एकटी घरात कोंडू?"

"अगं, पण ती ऐकत नाही."

"घरीही अशीच आहे मेली. पाठमोरी असली की हाकेला ओ देत नाही. समोर जाऊन डाफरलं की कशी लगेच उठते! मार खाल्ल्याशिवाय कळतच नाही तिला."

पाठमोरी. टेपबाईच्या मनात तो शब्द कुसळासारखा टोचला.

टकमक तेव्हा खिडकीपाशी, त्यांच्याकडे पाठ करून, काचेवर बोटानं अक्षरं काढत होती. टेपबाईनं तिला नावानं हाक मारली. मग जरा मोठ्यानं. मग तिनं टेबलावरची स्टीलची लांब पट्टी उचलली आणि फरशीवर टाकली. आई दचकून मागे सरली. शेजारच्या खोलीतून कुणीतरी "काय पडलं?" म्हणून विचारलं.

टकमकनं काचेवरच्या अक्षराला काना दिला.

"बघितलंत? मुद्दाम करते!" म्हणत आई हात उगारून निघाली. टेपबाईनं तिचं मनगट धरलं. 

ती टकमकच्या समोर गेली. तोंडापुढे तळवा धरून म्हणाली, "तुझं दप्तर कुठंय?" पोरगी मान वाकडी करून तळव्याखालून बघायला लागली. टेपबाईनं हात काढून पुन्हा विचारलं. "तिकडे, बाकावर."

"मी बोलते ते तुला कसं कळतं गं?"

"बघून."

"आणि मी फळ्याकडे वळले की?"

"तेव्हा कुणालाच कळत नाही ना."

टेपबाई तिच्यापुढे वाकली. "मग मी रुमाल धरला होता तेव्हा?"

"तेव्हा तुमचं तोंड दुखत होतं. तुम्ही बोलतच नव्हता."

"आणि हसलीस कशाला?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

आई मटकन बाकावर बसली आणि स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिली. टेपबाईनं फाइल उघडली. शेवटचे दोन सोडले तर तेहतीस शुक्रवार, तेहतीस पाच. सगळे तिच्याच अक्षरातले. ऐकते, म्हणजे सांगितलेलं करते. कानानं ऐकते का, हे ना फॉर्मनं विचारलं होतं, ना टाका न टाका पारखणाऱ्या तिनं.

पर्यवेक्षक बाईंनीही सगळं ऐकलं होतं. तरी म्हणाल्या, "पण ताई, फॉर्म वर गेलेत. दोन आणि एक."

"ते खोटे आहेत. त्याआधीचे पाचही खोटेच. कारखान्यात मी चुकीचा शिक्का मारला, तर माल फेकत नसत, माझी सही खोडत असत. माझी सही खोडा."

"मग 'ऐकते'खाली लिहू काय?"

"काही लिहू नका. उद्या सकाळी मी हिला दवाखान्यात नेते. कान तपासू दे आधी."

बाईंनी यादी पुढे ओढली. मग टकमकच्या नावापुढची काट पुसली. "अहवाल आणा. तोवर जागा तिचीच."

निघताना टकमक दप्तर घेऊन पुढे झाली. आईनं सवयीनं मागून हाक मारायला तोंड उघडलं, नाव अर्धंच बाहेर पडलं. ते तसंच गिळून ती भराभर चालत गेली आणि वळसा घालून लेकीच्या समोर उभी राहिली.